सीलच्या घरातली रेघ

मशीन सगळं आपोआप करते असं जो म्हणन, त्याले मी आमच्या शेडमध्ये एक दिवस उभा करणार हाय. बटण दाबलं की माल तयार, असं लोकायले वाटते. माह्या मायले बी तसंच वाटते. तिनं तं गावभर सांगून ठेवलं की आमची रंजीता भद्रावतीले कंपुटरवर बसते अन् तिकडे मशीन आपल्या मनानं लोखंड कातरते. बसते हे खरं हाय. पण त्या खुर्चीवर बसाले मी किती भांडली, थे तिले कोण सांगन.

भद्रावतीच्या एमआयडीसीत गुणवंतभाऊचं वर्कशॉप हाय. टिनाचं शेड, मांगं बाभळी, समोर कोळशाच्या ट्रकायचा रस्ता. टेबल पुसलं की दुसऱ्या घडीले त्याच्यावर काळी धूळ बसते, मंग पुन्हा पुसा. मिलिंग मशीन एकच, पण कंपुटरवर चालणारी, अन् त्या मशीनवर अजय. अजय हा माणूस बोलायच्या बाबतीत एकदम कंजूस. सकाळी आला की मशीनले हात लावून नमस्कार करन, पण माणसाले नाई करणार.

कटर कुठून कुठी न्यायचा, किती खोल न्यायचा, हे मशीनले सांगणारा प्रोग्राम नागपूरहून यायचा. तिथी अमर नावाचा एक माणूस हाय, थो असे प्रोग्राम करून विकते. अन् गुणवंतभाऊ गिऱ्हाइकाले चहा देता देता हमखास म्हणत, "प्रोग्राम नागपूरचा हाय आपला." नागपूरची संत्री असल्यासारखं सांगत. माह्या अंगाची लाहीलाही व्हायची.

कारण मी तिथीच बाकावर बसली असायची, हातात कानस घेऊन. आयटीआय केलं, त्याच्यावर मिलिंगच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला, अन् भाऊनं मले काम देल्लं थे मशीनमधून निघालेल्या मालाच्या कडा घासायचं. कर बाई, घास. मी घासल्या. पण घासता घासता अमरचा हरेक प्रोग्राम माह्या बोटाखालून गेला. त्याचा कटर कुठून आत शिरला, कुठून बाहेर निघाला, मले हातानं समजत होतं. माणूस हुशार हाय, खोटं काऊन बोलू. पण त्याच्याकडे काम बम, ढीगभर, त्याच्यामुळं घाई बी बम, अन् घाईचे डाग घासाले इथी मी.

आता हे शिरणं-निघणं काय असते थे सांगते, नाईतं पुढचं काही समजणार नाई. कटर म्हणजे फिरणारं पातं. त्याले मालाच्या भिंतीपाशी न्या लागते, अन् भिंत कातरून झाली की बाहेर काढा लागते. याले आमच्यात एंट्री अन् एक्झिट म्हणतात. सरळ नेऊन भिंतीले टेकवला तं कटर तिथी पळभर थांबते, अन् थांबला की चावते. मंग सगळी भिंत चकचकीत अन् तेवढ्या जागी एक डाग. म्हणून त्याले गोल वळणानं, भिंतीच्या अंगाअंगानं आणा लागते. चालत्या एसटीत चढायचं असन तं तिच्याबरोबर दोन पावलं धावा लागते ना, तसंच. आडवं उभं राहून चालत्या गाडीत कोणी चढत नाई, चढला तं दात पडतात.

तं झालं असं की नागपूरकडची एक नवी कंपनी आली. खाणीतल्या मशिनीले जे तेलाचे पंप लागतात, थे बनवणारी. त्यायनं आमाले पंपाच्या बॉडीचं काम द्यायचं ठरवलं, पण अगोदर नमुना करून दाखवा म्हणे. अल्युमिनियमची ओतीव बॉडी, तिच्यात लांबट, दोन्ही टोकाले गोल असा एक खोलगट भाग कोरायचा. त्याच्यात रबराचं सील बसते, म्हणून त्याले सीलचं घर म्हणतात. या घराची भिंत आरशासारखी लागते. तिच्यात केसाएवढी रेघ राह्यली तं दाबातलं तेल त्या रेघेतून निघून जाते. नमुन्यासाठी कंपनीनं दोन बॉड्या पाठवल्या, एक बिघडली तं दुसरी.

मी कानस ठेवली अन् भाऊपाशी जाऊन उभी राह्यली.

"भाऊ, याचा प्रोग्राम मी करते."

भाऊनं चहाचा कप खाली ठेवला. "अन् बिघडला तं?"

"तं मी जन्मभर कानस घासीन अन् कंपुटरचं नाव नाई काढणार. पण पास झाला तं इथून पुढं प्रोग्राम नागपूरले नाई जाणार. या खुर्चीवर मी बसणार."

"रंजीता, नवी कंपनी हाय बाई. यायचं काम हातात आलं तं शेड वाढवता येईन. तू दुसऱ्या एखाद्या मालावर हात साफ करून घे ना."

"दुसरा माल आला की तुमी म्हणान तिसरा. मी काय म्हातारी होईपर्यंत थांबू?"

भाऊ भला माणूस हाय. धानाच्या बांधीतून उठून त्यायनं हे शेड उभं केलं, त्याच्यामुळं त्यायले कोणतीबी गोठ मोडायची भीती अगोदर वाटते. पण मी समोरून हटली नाई. शेवटी कर म्हणले, अन् दिवसभर माह्याकडे पाहाचं टाळलं.

मी जीव ओतून केला प्रोग्राम. वळण कितीचं घ्यायचं, कटर कोणत्या उंचीवरून उतरवायचा, भिंत सोडताना कसा सोडायचा, सगळं निवांत ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते. कटर भिंतीची पूर्ण फेरी मारून जिथून शिरला तिथी परत आला, की आणखी किती पुढं जाऊन मंग बाहेर निघायचं, थे त्या चौकटीत लिहितात. ओव्हरलॅप म्हणतात त्याले. कंपुटरनं तिथी आपल्या मनानं दोन मिलिमीटर लिहून ठेवलं होतं. मी थे खोडलं अन् शून्य केलं. जिथून शिरला तिथूनच निघाला. पडद्यावर पाह्यलं, तं मले थे लय देखणं दिसलं. म्हणलं अमरले नसतं सुचलं हे.

अजयनं बॉडी वाइसमध्ये, म्हणजे माल धरणाऱ्या शिकंज्यात, आवळली, मशीन सुरू केली. माल निघाला थे असा लखलखत निघाला की भाऊनं त्याच्यात आपला भांग पाह्यला. मापं सगळी बरोबर. मी त्या दिवशी डबा बी अर्धाच खाल्ला, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून माल तपासाले नीलाबाई आल्या. पांढऱ्या केसायची बाई, पण चाल अशी की मांगं राहणाऱ्याले धाप लागन. त्यायनं अगोदर मापं घेतली, मान डोलावली. मंग उजव्या अंगठ्याचं नख सीलच्या घराच्या भिंतीवर टेकवलं अन् हळूहळू फिरवाले सुरुवात केली. अर्ध्यावर नख थांबलं. मांगं नेलं, पुढं आणलं, पुन्हा तिथीच थांबलं.

"इथं रेघ आहे," त्या म्हणल्या.

"बाई, दिसत तं नाई काही," मी म्हणलं.

"तेलाला दिसावं लागत नाही, पोरी. त्याला फक्त वाट लागते. हात लावून बघ."

लावला. होती. एवढी बारीक की डोळ्याले दिसणार नाई, पण नख अडकत होतं. त्या म्हणल्या की परवा चंद्रपूरहून परतताना पुन्हा येते, दुसरी बॉडी तयार ठेवा, नाईतं हे काम आमाले दुसरीकडे देणं भाग हाय. चहा बी नाई घेतला.

त्यायची गाडी रस्त्याले लागली अन् मी अजयवर तुटून पडली.

"वाइस ढिली आवळली तू. बॉडी हालली, म्हणून रेघ पडली."

अजयनं कपड्यानं हात पुसले. "ढिली नव्हती."

"मंग कटर खराब असन. मंग कटर फिरवणारा मशीनचा स्पिंडलच हालत असन. प्रोग्राममध्ये चूक नाई, मी डोळ्यात तेल घालून पाह्यला."

"अमरच्या प्रोग्रामले हीच मशीन अन् हीच वाइस होती," थो म्हणला, अन् आपला डबा घेऊन बाभळीखाली गेला. मी पाठीमागून आणखी काय काय बोलली थे सांगत नाई. कोळशाच्या ट्रकवाल्यायनं सुद्धा मान वळवून पाह्यलं.

तेवढ्यात भाऊनं नागपूरले फोन लावला होता. अमर म्हणला, उद्या दुपारपर्यंत पाठवतो. भाऊनं फोन ठेवला अन् माह्याकडे असं पाह्यलं की त्याच्यापेक्षा ओरडले असते तं बरं. मी गुमान बाकावर जाऊन बसली. पण कानस हातात नाई घेतली.

सकाळी आली तं अजय माह्या अगोदर आला होता. भंगारातला अल्युमिनियमचा एक तुकडा त्यानं वाइसमध्ये नुसता ठेवला होता, अन् आवळायचा पाना माह्या हातात देल्ला.

"तूच आवळ," थो म्हणला. "मंग पाहू कोणाची चूक हाय."

मी दोन्ही हातानं लटकून आवळला. मंग डोकं चालवलं. कटर शिरायची जागा मी एका बाजूच्या भिंतीवरून उचलून समोरच्या भिंतीवर नेली, बाकी सगळं तसंच ठेवलं. चूक मशीनची असन तं रेघ पहिल्याच जागी पडन. चूक माही असन तं रेघ नव्या जागी येईन. मले पक्कं माहीत होतं की मशीनचीच निघणार. अजयले कसं ऐकवायचं हे बी मी मनात रचून ठेवलं होतं.

तुकडा निघाला. मी नख फिरवलं. पहिल्या जागी काहीच नाई. समोरच्या भिंतीवर, जिथी मी एंट्री नेली बरोबर तिथी, नख अडकलं.

अजयनं बी फिरवून पाह्यलं. एखादा शब्द बोलला असता तं मी भांडली तरी असती. लाज वाटली मले, साफ सांगते. इतकं तोंड वाजवलं अन् रेघ माह्याच मांगं मांगं आली.

मी कंपुटरवर बसली अन् एक एक चौकट पाहू लागली. अजय येऊन मांगं उभा राह्यला. त्याले सॉफ्टवेअर येत नाई, पण आकडे वाचता येतात.

"हे शून्य कायचं?" त्यानं विचारलं.

"फेरी पुरी झाल्यावर किती पुढं जायचं थे."

"कंपुटरनं शून्यच देल्लं होतं का?"

"नाई, दोन होतं. मी शून्य केलं."

"काऊन?"

काऊन केलं बा मी? कोर्समध्ये कोणी शिकवलं नाई. अमर करत नाई. कंपुटरनं चांगलं लिहून देल्लेलं मी आपल्या हातानं खोडलं, अन् खोडताना मले एकदाबी असं नाई वाटलं की विचार करावा. जिथून उतरला तिथूनच निघायचं, याच्यात विचार करण्यासारखं काय हाय? अन् मंग मले समजलं, अन् मी हसाले लागली.

आमी ढिवर. मूल शहराच्या पुढं आमचं गाव, गावाले मोठा तलाव. माहा बाप मुखरू अन् आमच्यातले सगळे त्याच तलावात मासोळ्या धरतात. आमच्यात एक रीत हाय. पाण्यात उतरणारा माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जिथी चप्पल काढते, तिथूनच परत निघते. समोरच्या काठापासून घर कितीबी जवळ असू दे, फिरून इथीच यायचं. कारण पाळीवर चप्पल दिसली म्हणजे माणूस पाण्यात हाय. माहा काका केवळराम एकदा मासोळ्या घेऊन तलावाच्या वरच्या अंगानं निघाला अन् तिकडूनच सिंदेवाहीच्या बाजाराले गेला. इकडे त्याची चप्पल पाळीवर. दिवस कलला तशी गावातली सगळी माणसं पाण्यात उतरली, बायायनं गळे काढले, काकू तं दोनदा आडवी झाली. अन् हा बाबा बाजारातून जिलबी खात आला. माह्या मायनं, भागीरथानं, त्याच चपलेनं त्याची आरती केली. तवापासून तं आमच्या घरात लेकरू चालाले लागलं की अगोदर हेच शिकते.

हे सगळं मी अजयले सांगितलं. "तं मी कटरले बी घाटानं उतरवला," म्हणलं, "अन् त्याच घाटानं काढला."

अजय हसला. मी त्याले हसताना पाह्यलंच नव्हतं. असा हसला की गुणवंतभाऊ ऑफिसमधून धावत आले, त्यायले वाटलं मशीनले काही झालं.

माणसासाठी आमची रीत बरोबरच हाय, तिच्यात बोट ठेवाले जागा नाई. पण कटर माणूस नाई. कटर भिंतीले लागला की जरासा मांगं दबते. शिरताना थो दबलेला नसते, फेरी मारून येते तवा दबलेला असते. दोन्हीचा मेळ बसत नाई, अन् मधात केसाएवढी धार राहून जाते. थे धार पुसाले त्याले शिरलेल्या जागेवरून पुढं जा लागते, अन् पुढं गेल्यावर मंग वळणानं, हळूच भिंत सोडा लागते. कंपुटरनं दोन मिलिमीटर याच्यासाठीच ठेवले होते. मी तिथी तीन लिहिले. बाहेर निघायचं वळण बी जरा मोठं केलं.

मंग मी अजयकडे वळली. "वाइस बरोबर होती," म्हणलं. एवढंच म्हणलं. मले ओळखणाऱ्याले इचारा, माह्या तोंडून एवढं निघणं म्हणजे लय झालं. त्यानं मान हालवली अन् नवा तुकडा आवळाले घेतला.

नव्या तुकड्यावर रेघ नाई पडली. मी तीनदा नख फिरवलं, अजयनं फिरवलं. अन् आमी दोघं असे तोंडाकडे तोंड करून उभे असताना भाऊ मोबाइल हातात धरून आले. "आला," म्हणले, "अमरचा प्रोग्राम आला. चढव." त्यायच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या होत्या.

मी प्रोग्राम उघडला. पडद्यावर कटर फिरवून पाह्यला. शिरणं नीट, निघणं नीट, कुठी बोट ठेवाले जागा नाई. या खेपेला त्यानं घाई नव्हती केली.

"कसा हाय?" भाऊनं विचारलं.

आता इथी खोटं बोलता आलं असतं. भाऊले काय समजते? वळण लहान हाय, घासन, काहीबी म्हणता आलं असतं. पण कामाच्या बाबतीत खोटं माह्या जिभेवर नाई चढत.

"चांगला हाय भाऊ. यानं माल पास होईन."

"मंग चढव ना."

"नाई. माहा चालवा."

भाऊनं डोक्याले हात लावला. "रंजीता, एकच बॉडी राह्यली. एकच. हे गेली तं कंपनी गेली. हातात पास होणारा प्रोग्राम हाय, तूच सांगून राह्यली पास होईन, अन् तूच म्हणते नको. मले काम पाह्यजे बाई, तुले इज्जत पाह्यजे."

"मले दोन्ही पाह्यजे," मी म्हणलं. आवाज चढला होता, मी खाली आणला. "भाऊ, अमरचा लावला तं उद्या माल पास होईन. मंग कंपनी म्हणन, घर जरासं मोठं करा. तुमी पुन्हा फोन लावान, अमर म्हणन उद्या देतो, परवा देतो, अन् तवरी मशीन उभी. दरवेळेस असंच चालते. अन् आणखी एक सांगते. अमरचा चालला तं काऊन चालला थे इथी कोणालेच माहीत नसन. माहा पहिला काऊन बिघडला थे मले माहीत हाय. अन् आता काऊन चालन, थे बी मले माहीत हाय."

"अन् नाई चालला तं?"

"तं कानस घेईन, अन् तोंड बंद ठेवीन."

"तोंड बंद ठेवीन म्हणते," भाऊ अजयकडे पाहून म्हणले. मंग त्यालेच विचारलं, "अजय, तू सांग. मशीनवर तू उभा राहते."

कालच मी ह्या माणसाले ट्रकवाल्यायपुढं नाई नाई थे बोलली होती. त्याच्या जागी मी असती तं मीबी दाखवला असता हिसका.

अजयनं हातातला तुकडा भाऊपुढं धरला. "नख फिरवा."

भाऊनं फिरवलं.

"तिचाच लावा," अजय म्हणला. "काल चुकली, तं आज चूक शोधून बी काढली. अमर फोनवर असते भाऊ. हे इथी असते."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. भाऊनं बॉडीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, बाहेर रस्त्याकडे पाह्यलं. "लावा," म्हणले, अन् शेडच्या बाहेर जाऊन उभे राह्यले. त्यायच्याच्यानं पाहणं होत नव्हतं.

बॉडी अजयनं आवळली. मी पाना मागितला नाई. अगोदर मालाच्या वरून, हवेतच, कटरची एक फेरी मारून पाह्यली. मंग खाली उतरवला. सरळ शिरणारा कटर टक करते, थो आवाज मले बाकावर बसून पाठ झाला होता. ह्यानं टक नाई केलं. वळणानं आला, भिंतीले लागला, अन् आवाज हळूहळू भरत गेला. लांब भिंत झाली, गोलाई झाली, दुसरी भिंत झाली. फिरून शिरलेल्या जागी आला अन् तिथी नाई थांबला, पुढं गेला. थे तीन मिलिमीटर मले मूलच्या रस्त्याएवढे वाटले. मंग भिंत सोडली अन् आवाज विरला.

अजयनं मापं घेतली. बरोबर होती. "नख लावून पाह्य," म्हणला.

"नाई," मी म्हणलं. खरं म्हणजे हिंमतच नाई झाली. भाऊनंबी नाई लावलं. बॉडी कपड्यावर ठेवली अन् आमी तिघं तिच्यापासून दूर जाऊन बसलो.

नीलाबाई सांगितल्या दिवशी आल्या. त्यायले आमच्या शेडमधलं रामायण माहीत नव्हतं. मापं घेतली, लिहिली, मंग अंगठा टेकवला. नख फिरू लागलं. एक फेरी झाली. उलटी फेरी झाली. मंग त्यायनं डोळे मिटले अन् आणखी एकदा, गोगलगाईच्या चालीनं, सगळी भिंत फिरून पाह्यली. पिशवीतून भिंग काढलं, खिडकीपाशी उजेडात नेलं.

"हं," त्या म्हणल्या. भिंग पिशवीत ठेवलं. "पास आहे. पुढचा माल पाठवायला सांगते." मंग भाऊकडे पाहून म्हणल्या, "या वेळेस प्रोग्राम नागपूरहून करून घेतला वाटतं?"

सवयीनं भाऊचं तोंड उघडलं. वर्षं झाली, थे एकच वाक्य गिऱ्हाइकाले सांगत आले होते. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहाले लागली.

"नाई बाई," भाऊ म्हणले. छाती अशी पुढं आली की खिशातला पेन वाकडा झाला. "नागपूरचा नाई. आमचे प्रोग्राम आता इथीच होतात. हे आमची रंजीता. मूलकडची हाय. पहिलाबी तिनंच केला होता, अन् हाबी तिनंच."

माहे डोळे भरून आले, थे मी कोळशाच्या धुळीवर ढकलून देल्लं. अजय मशीन पुसून राह्यला होता, जी अगोदरच पुसलेली होती.

नीलाबाईनं मले जवळ बोलावलं. बॉडी माह्यापुढं धरली. "एंट्री कुठून घेतलीस? मला हाताला लागत नाहीये. दाखव बरं."

"दाखवते ना," मी म्हणलं. मले माहीत होतं. तेलाच्या छिद्राच्या बाजूची लांब भिंत, बरोबर मधात. मीच तं ठरवलं होतं. मी बॉडी हातात घेतली, अंगठा तिथी नेला अन् नख फिरवलं. मांगं आणलं, पुन्हा फिरवलं. जरा अलीकडे पाह्यलं, जरा पलीकडे पाह्यलं. मंग डोळे मिटून पाह्यलं.

"काय झालं?" भाऊनं घाबरून विचारलं.

"काही नाई झालं भाऊ," मी म्हणलं. "मीच उतरवला कटर, अन् मलेच सापडून नाई राह्यलं कुठून उतरवला."